आवाज बसला तो आठवडा

सोमवार, ४ मार्च

आवाज गेला. बसमध्ये चढताना होता. उतरताना टपावरच्या माणसाला "ट्रंक" म्हणायला गेलो, तर "ट्र"च्या पुढे काही निघेना. गेल्या गावी चार दिवसांत अकरा सभा घेतल्या. माइक बंद पडला तेव्हाही मी थांबलो नाही. भोगा आता.

मुक्काम इथल्या चर्चच्या मंडळीतल्या शिंपीदादांकडे. पुढे दुकान, मागे घर, मधे मी — कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी.

मंगळवार, ५ मार्च

तीस वर्षं सुवार्ता सांगत फिरतो आहे, म्हणजे तीस वर्षं परक्या उशांवर झोपतो आहे. इथली उशी चिंध्यांनी भरलेली. तिच्यात एक बटण आहे. कुठे, ते सकाळी गालावर दिसलं.

डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. ऐकलं नाहीत तर हा आवाज असाच राहील."

रविवारी उपदेश आहे, असं मी लिहून दाखवलं.

"तो दुसरं कुणी वाचेल. मी त्याच मंडळीत बसतो, पाळकसाहेब. आमची काही तक्रार नसेल."

या शेवटच्या वाक्याचा अजून विचार करतो आहे.

दादांच्या बायकोनं, वहिनींनी, मला काळ्या अस्तराचा तुकडा आणि शिंप्याचा खडू दिला. त्यावर लिहायचं, झटकायचं, पुन्हा लिहायचं. घरी हिला मात्र कागदावर पत्र लिहिलं. सहा पानं झाली.

बुधवार, ६ मार्च

गावात उठलं आहे की पाहुण्या पाळकांनी मौन घेतलं आहे. सकाळपासून माणसं येताहेत. कुणी आलं की मी खडू उचलतो, पण लिहायची वेळच येत नाही. निवृत्त पोस्टमन गुडघ्यापासून सुरू झाले ते सुनेपर्यंत पोचले. कधी प्रार्थनेला न फिरकलेला माणूस आज दोनदा येऊन गेला. एक आजीबाई तासभर बोलून उठल्या आणि वहिनींना म्हणाल्या, "किती छान समजावून सांगतात."

मी फक्त मान हलवली होती. तीही मान अवघडली म्हणून.

गुरुवार, ७ मार्च

दादांचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. भिंतीपलीकडेच राहतो. दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. दादा गिऱ्हाइकाकडे गेलेले पाहून आज तो आला. माझं घड्याळ बंद नव्हतं, तरी त्यानं उघडलं.

भांडण बाहीचं. त्याच्या लग्नाचा कोट दादांनी शिवला. मंडपात, सगळ्या सासरच्यांदेखत, हा हात वर करून म्हणाला, "शिंप्याच्या घरचा नवरा आणि बाही आखूड." दादा जेवले नाहीत. तिथून जे तोंड फिरलं ते फिरलंच.

"बाही आखूड होती," घड्याळजी म्हणाला. "पण मी ते चारचौघांत बोलायला नको होतं. भाऊ जागून शिवत होता, मला माहीत होतं. हे कुणाला सांगू नका हं." मग स्वतःच हसला. "तुम्ही काय सांगणार म्हणा."

या महिन्याच्या शेवटी तो कायमचा सासुरवाडीला राहायला चालला आहे. दुकान देऊनही टाकलं.

शुक्रवार, ८ मार्च

आज दादा. तोंडात चार टाचण्या धरून बोलत होते, त्यामुळे निम्मं अंदाजानं कळलं.

"बाही आखूडच होती. माप घाईत घेतलं. लोकांना सांगितलं की त्यानं हात वर केला म्हणून तशी दिसली. अकरा वर्षं तेच सांगतोय. आता कुठल्या तोंडानं फिरवू?" मग टाचण्या काढून स्पष्ट म्हणाले, "हे तुमच्या-माझ्यात."

दोघांचं एकमत आहे, आणि ते ठाऊक असलेला जगातला एकमेव माणूस मुका आहे.

शनिवार, ९ मार्च

वहिनींना खुणेनं विचारलं, आता काय? त्या म्हणाल्या, "मी आणि जाऊबाई नळावर भेटतो, सगळं ठरवतो. ह्यांच्यावाचून आमचं काही अडत नाही. पण भावजी गेल्यावर हे त्या भिंतीकडे बघत बसतील."

दुपारी अस्तरावर मोठ्या अक्षरांत लिहिलं — जा आणि त्याला सांगा. दादांनी वाचलं, तुकडा झटकला, घडी घातली. "हे अस्तर कोटाला लागणार आहे, पाळकसाहेब."

रविवार, १० मार्च

माझा उपदेश दादांनी वाचला. नऊ पानं, विषय क्षमा. छाती अडतीस, कंबर चौतीस अशा सुरात. घड्याळजी शेवटच्या बाकावर होता. पाचव्या पानावर पोस्टमन घोरू लागले. माझी पानं एवढी लांब असतात हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सातव्या पानाला मी उठलो. का, ते नीट सांगता येणार नाही. शेवटचा बाक लवकरच रिकामा होणार, एवढंच डोक्यात होतं.

"बाही आखूड होती," मी म्हणालो. करवतीसारखा आवाज आला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

दादा पांढरे पडले. "मी विश्वासानं सांगितलं होतं."

मागून घड्याळजी उठला. "मीही."

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू काय सांगितलंस?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

मग दादा म्हणाले, "अर्धा इंच."

"पाऊण."

"अर्धा. मी शिवलाय."

"मी घातलाय."

वाद घालत दोघं बाहेर पडले. उरलेली दोन पानं कुणी मागितली नाहीत.

सोमवार, ११ मार्च

दोघं माझ्यावर नाराज आहेत. दोघं मिळून. ट्रंक दोन्ही बाजूंनी धरून दोघांनी स्टँडवर आणली, वाटेत माझ्याबद्दलच बोलत होते, माझ्यासमोर. "माणूस बरा आहे, पण पोटात काही राहत नाही," दादा म्हणाले. "अजिबात नाही," धाकटा म्हणाला.

खरं आहे ते. लोकांनी विश्वासानं दिलेलं मी भर सभेत उधळलं. लाज वाटते. बस सुटल्यावर मागे पाहिलं, तर दोघं अजून हातवारे करत उभे होते. आनंदही झाला. दोन्ही लिहून ठेवतो.

मंगळवार, १२ मार्च

नवं गाव. आवाज पुन्हा पार गेला आहे. हिचा फोन आला. मी नुसता हुंकार दिला.

"खरंच बोलता येत नाही?" ही म्हणाली. "मग सांगते. दोन वर्षं झाली, आपल्या मंडळीत रविवारचा उपदेश मी करते. बाक कमी पडताहेत. तुम्हाला केव्हाची सांगणार होते, पण तुम्ही मधे थांबतच नाही."

इथली सभा रद्द केली. रविवारी घरी. ऐकायला बसणार — जागा मिळाली तर.