आतले मणी

५ फेब्रुवारी १९९६
यशवंतपूरला उतरले, ऑटोवाल्याशी हुज्जत घातली आणि हेब्बाळच्या लॅबमध्ये रुजू झाले. पुण्याहून आलेली मी इथल्या हवेवर लगेच भाळले. काम गमतीचं आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना चमकणारे बारीक मणी खायला घालायचे आणि किती गिळले ते मोजायचं. निळा रंग टाकला की पेशीबाहेर चिकटलेल्यांची चमक विझते, आतल्यांची उरते. ज्याचा प्रयोग त्याचंच रक्त, असा इथला रिवाज. जुने तंत्रज्ञ विठोजीअण्णा इथल्या पिढीजात मराठी घरातले, मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणतात. माझ्या स्टुलावर आधी भव्या नावाची मुलगी बसायची. गेल्या वर्षी तापात गेली म्हणे. वाईट वाटलं.

७ फेब्रुवारी
अण्णांनी बजावलं होतं की पिपेट तोंडाने ओढू नका, रबरी फुगा वापरा, स्वल्प वेळ लागला तरी चालेल. पण कॉलेजात आम्ही सगळे तोंडानेच ओढायचो. आज मण्यांचं पाणी तोंडात आलं, थोडं गिळलंही. चूळ भरली आणि गप्प बसले. आल्या आल्या कोण शोभा करून घेणार?

९ फेब्रुवारी
मणी न घातलेल्या नळीत शून्य यायला हवं. माझ्या रक्तात तीन आले. यंत्राच्या नावाने बोटं मोडली, नवी नळी घेतली. पुन्हा तीन.

१२ फेब्रुवारी
अकरा. कपाटात भव्याची वही सापडली. तिच्याही बिनमण्यांच्या नळीत तीन, अकरा, चाळीस. पुढची पानं कोरी. अण्णांना विचारलं, तर तीही तोंडानेच ओढायची म्हणाले. मला भीती वाटते आहे.

१४ फेब्रुवारी
चाळीस. अण्णांचं रक्त लावून पाहिलं — शून्य. म्हणजे यंत्र ठीक आहे. भिंगाखाली मणी हलतात, मी मोजू लागले की थांबतात. बूथवरून आईला फोन केला. माझी तब्येत छान आहे, असं तिला सांगितलं.

१५ फेब्रुवारी, दुपार
डार्करूम. दिवा बंद — दिव्याशिवाय मणी चमकत नाहीत. तरी माझी बोटं हिरवी —
निळा रंग ओतला. कोपरापर्यंत. वरवर लागलं असेल तर विझेल —
विझत नाही.
हाताच्याच उजेडात लिहिते आहे. भव्याची कोरी पानं कोरी नाहीत. या उजेडात तिचं अक्षर दिसतं. तिनेही निळा ओतला होता. शेवटच्या ओळीत तिने लिहिलंय — आता डोळ्यांतही चमक