सुटा हिरा आणि तुझ्या वाट्या

आई, तुझ्या मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्या मी गेल्या महिन्यात आटवल्या. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं लिहिताना मन थाऱ्यावर राहील. बाबा गेल्यावर तू त्या माझ्या हातात ठेवल्या होत्यास, "काय होया ता कर, पण माझ्यासमोर मोडू नको" असं म्हणून. तू गेलीस, त्यालाही आता बरीच वर्षं झाली, तरी त्या लाल कागदाच्या पुडीत माझ्या कपाटात तशाच पडून होत्या. आता त्यांची अंगठी झाली आहे आणि तिच्यात हिरा आहे. हो, हिरा. ओरडायचं असेल तर ओरड.

हिरा तुझ्या जावयाने घेतला, मोबाइलवरून. तुला आठवत असेल तो धडधाकट, तुझ्या कुळथाच्या पिठीवर ताव मारून वर "सासूबाई, अजून थोडी" म्हणणारा. आता त्याची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. डॉक्टर त्याला लांबलचक नाव सांगतात, मी तुला सोपं सांगते, भांडी घासायचा स्पंज वाळून टणक होतो ना, तसं. ते पुन्हा मऊ होणार नाही, हेही डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आणि आत गेल्यावर तोच म्हणाला की बाहेर काय बोलले ते त्यांनी मलाच सांगितलंय आधी, तू उगाच चेहरा करू नकोस. आमच्या बोरिवलीच्या घरात पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत असतं, त्याची नळी नाकात घालून तो उशांना टेकून दिवसभर मोबाइल बघत बसतो. मला वाटायचं क्रिकेट बघतोय. एकदा चहा द्यायला गेले तर स्क्रीनवर एक हिरा गोल गोल फिरत होता.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी बघतोय. सुटा हिरा. सोनं आहे ना घरात, तुझ्या आईच्या वाट्या. वर बसवायला खडा तेवढा घ्यायचा."

"डोकं फिरलंय का रे तुझं? औषधांचं बघ आधी."

तुझ्यासमोर मी त्याला अहो म्हणायचे आणि तुझी पाठ वळली की अरे. आता अरेच उरलंय. तो काही ऐकेना. गोल घेऊ की चौकोनी, हा जरा पिवळट वाटतो का बघ, ह्याच्या पोटात बारीक ठिपका आहे पण डोळ्याला दिसत नाही म्हणतात. एकेका वाक्यानंतर थांबून श्वास घ्यायचा आणि पुढचा हिरा दाखवायचा. शेवटी त्याने निवडला तो खाणीतला नाही, कारखान्यात तयार केलेला. मी म्हटलं, म्हणजे खोटाच ना? तर म्हणतो, "खराच आहे गं, फक्त मशीनमधून आलाय. मी पण मशीनवरच आहे, मग मी काय खोटा झालो?" मला हसू आलं नाही. तो मात्र हसला आणि मग खोकत बसला.

तू तर हिऱ्यांतच आयुष्य काढलंस, अंधेरीच्या त्या दागिन्यांच्या कारखान्यात. मेणाच्या साच्यांत चिमट्याने खडे बसवायचीस आणि त्या अंगठ्या कुठल्या कुठल्या देशांतल्या बायकांच्या बोटांत जायच्या. आत जाताना अंगावर सोन्याचा कण चालायचा नाही, म्हणून सकाळी डबे भरून झाले की तू ओट्यापाशी उभी राहून मंगळसूत्र काढायचीस, बांगड्या काढायचीस आणि सगळं मांडणीच्या खिळ्याला अडकवायचीस. गळ्यात नुसती काळ्या मण्यांची पोत. संध्याकाळी तू परत येतेस, हातपाय धुतेस आणि चहाच्या आधी ते सगळं पुन्हा अंगावर चढवतेस, तोवर बाबांशीही बोलत नाहीस. तुझे केस विस्कटलेले असतात, कारण सुटताना गेटवरची बाई अंबाडा सोडून बघते, निऱ्या झटकायला लावते. मी ओट्याखाली पुस्तक घेऊन बसलेली आहे आणि सहज विचारते, "आई, तू एकदा तरी त्यातली अंगठी बोटात घालून बघितलीस का गं?" तू आधण तसंच टाकून वळतेस आणि माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "असला मनात सुदीक हाडू नको! मनात इला काय हातात येता!" मी जणू चोरीच सुचवली होती, तुला एवढं घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं कोणाच्या कानात हिऱ्याच्या कुड्या दिसल्या की मी "छान आहेत" म्हणून नजर दुसरीकडे वळवायचे. मला हिरे आवडत नाहीत असं सगळ्यांना सांगत आले आणि सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं.

तर तो हिरा घरी आला. कुरिअरवाल्याने दारात मोबाइलवरचा नंबर विचारला, सही घेतली आणि बिस्किटाच्या पुड्याएवढं खोकं हातात दिलं. उघडताना व्हिडिओ काढायचा असतो म्हणे, म्हणजे आत काही नसलं तर तक्रार करता येते. तुझा जावई मोबाइल धरून बसला आणि मी पलंगावर पांढरी चादर अंथरून, पंखा बंद करून खोकं फोडलं. खोक्यात खोकं, त्यात डबी, डबीत पारदर्शक पाकीट आणि त्यात तो. तुरीच्या डाळीएवढा. मी हात लावेना. पंखा बंद म्हणून त्याला घाम फुटला होता, धाप लागली होती, तरी तो "घे ना, घे तळहातावर" म्हणत राहिला. मी पंखा लावला आणि म्हटलं, "परत पाठव. मुदत आहे ना परत करायची? मला नको. मी काय आता ह्या वयात हिरे घालून मिरवू? आणि कशासाठी?"

तेव्हा त्याने मोबाइल बाजूला ठेवला. आई, तो काय म्हणाला ते मला तुला सांगायचंय, त्यासाठीच हा कागद घेऊन बसले आहे.

"सासरे गेले तेव्हा मी दारात उभा होतो," तो म्हणाला. "नवीन जावई, आत जाऊ की नको कळेना. आतमध्ये दोघी बायकांनी सासूबाईंचे हात धरले होते आणि तिसरी बांगड्या फोडत होती. सासूबाई काही बोलत नव्हत्या. मग मंगळसूत्र काढलं. जोडवी निघत नव्हती, तर साबण आणायला सांगितला."

मी म्हटलं, "मला माहिती आहे. साबण मीच आणून दिला होता."

"तेच. तुझ्याही अंगावरचं एकेक काढतील. तू म्हणशील मी नाही काढू देणार, पण तेव्हा तू भांडायच्या अवस्थेत नसशील. गावाहून माझी वहिनी येईल, तिला सगळं येतं. पण अंगठीचं कोणाला काही पडलेलं नसतं. अंगठी नवऱ्याच्या नावाची धरत नाहीत आपल्यात. ती राहील. म्हणून अंगठी, नाहीतर मी तुला हारच घेणार होतो." एवढं बोलून त्याला इतकी धाप लागली की मी चावी फिरवून मशीनचा ऑक्सिजन वाढवला आणि त्याची पाठ चोळत बसले.

इतकी वर्षं एका घरात राहून हा माणूस तो दिवस मनात धरून बसला होता आणि मला पत्ता नाही. तुझ्या हातांबद्दल आपण दोघींनीही पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही. रोज सकाळी स्वतःच्या हाताने बांगड्या काढायचीसच, पण त्या दिवसानंतर तुझे रिकामे हात ओट्यावर पीठ मळताना मला बघवायचे नाहीत. मी तुझ्याकडे यायचे ते जेवायच्या वेळा टाळून. खूप राग होता मला, त्या बायकांचा, तुझ्या गप्प बसण्याचा, आणि साबणाचा सुद्धा.

दुसऱ्याच दिवशी वाट्या घेऊन मी आमच्या सोनाराकडे गेले. त्याने आधी नाक मुरडलं. "वहिनी, ऑनलाइनचा खडा आम्ही बसवत नाही. बसवताना टवका उडाला तर तुम्ही मला धरणार." मी म्हटलं, नाही धरणार, लिहून देते. मग त्याने वाट्या हातात घेऊन विचारलं, "आटवायच्याच ना? जुनं काम आहे, आता असं कोणी करत नाही." मी हो म्हटलं आणि बाहेर रस्त्याकडे बघत उभी राहिले. माप घेताना म्हणाला, "जरा सैल ठेवू का, काढायला-घालायला बरी?" मी म्हटलं, "नको. घट्टच ठेवा."

अंगठी झाली तेव्हा तुझ्या जावयाला बसायलाही त्रास होत होता. तरी त्याने ती स्वतः माझ्या बोटात घातली, सांध्यापाशी अडकली तर जोर लावला, आणि दमून उशीवर मान टाकली. "झकास," एवढंच म्हणाला. मग सारखा माझा हात मागायचा बघायला. मी पोळ्या लाटतेय तर हाक, भांडी आवरतेय तर हाक. सुरुवातीला मी करवादायचे, आता जाते मुकाट्याने. पुढे फार दिवस हाका ऐकायला मिळतील असं वाटत नाही.

हा कागद मी घरात ठेवणार नाही. त्याला दिवसभर दुसरं काम नाही, वाण्याची यादी सुद्धा दोनदा वाचतो. लिहून झालं की फाडून ओल्या कचऱ्यात टाकेन, सकाळी गाडी घेऊन जाईल. त्याने वाचू नये असं यात एकच आहे आणि तेच अजून लिहायचं राहिलंय.

परवा दुपारी त्याचा डोळा लागला होता. मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि मंगळसूत्र काढलं. बांगड्या काढल्या, एकेक, आवाज न करता. टिकली आरशाला चिकटवली. मग फक्त अंगठी घालून आरशासमोर उभी राहिले. नंतर कशी दिसेन ते आधीच एकदा एकटीने बघून ठेवायचं होतं, चारचौघींच्या देखत पहिल्यांदा बघायची पाळी यायला नको. मला वाटलं होतं, रडू फुटेल. तसं काही झालं नाही. मी मान वळवून बघितलं, हात गळ्यापाशी नेऊन बघितलं, आणि बघतच राहिले. खोलीतून तो हाका मारत होता, "अगं, कुठे गेलीस? अगं..." आणि मी लगेच बाहेर आले नाही, आई. मी बरी दिसत होते.