चंद्र वजा करायचा राहिला

प्रिय वाल्बुर्गाताई हिला वेंडेलिनचा सादर नमस्कार.

देवाच्या कृपेने इथे गार्खिंगच्या खगोल संस्थेत मी बरा आहे. तुझा गुडघा आणि दाजींचा खोकला कसा आहे? तू पाठवलेलं चीज पोचलं. त्याचा वास साऱ्या संस्थेला पोचला.

इस्टरला तुझ्याकडे जेवताना मी फादर क्विरिनना माझं काम समजावलं होतं, ते तुला आठवत असेल. आमचा उपग्रह गॅमा किरण मोजतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा फार जोरकस प्रकाश. त्यातून ओळखीच्या आकाशगंगा वगळल्या, आपली स्वतःचीही वगळली, तरी चहूकडून एक मंद उजेड उरतोच. तो येतो कुठून, हे मी अकरा वर्षं शोधतो आहे. बराचसा दूरच्या, सुट्या न दिसणाऱ्या आकाशगंगांचा आहे, याबद्दल मला शंका नाही. पण यंदा त्यातला एक हिस्सा असा उरला, की त्याला धनीच सापडेना. देवाने ‘उजेड होवो’ म्हटलं, त्या निर्मितीच्या पहिल्या दिवसाचा हा असेल, असं माझ्या तोंडून निघून गेलं (पोटभर जेवलो की मी जरा जास्तच भाविक होतो). आता येत्या रविवारी फादर त्यावरच प्रवचन देणार, असं तू कळवलंस.

काल मी माझा नकाशा आमच्या प्रमुख रोस्विथाबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. “वेंडेलिन, हा उजेड चहूकडे कुठे आहे? एका पट्ट्यात आहे. चंद्र वजा केलास का?” मी म्हटलं, “चंद्राचा इथे काय संबंध, बाई?” “अरे, अवकाशातले कण त्याच्यावर सारखे आदळतात, म्हणून तोही गॅमा किरणांत चमकतो. आणि फिरत राहतो, म्हणून पट्टा. खेड्यातला ना तू? चंद्र पाहिला नाहीस कधी?”

ताई, ज्या घरात चंद्राला विचारल्याशिवाय कोबी लावत नाहीत की केस कापत नाहीत, त्या घरातला मी त्यालाच विसरलो. बाकी गणित चोख आहे. बाईंना दुसरी चूक सापडली नाही (शोधली नाही असं नाही).

दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
वेंडेलिन

ता. क. रविवारी चर्चमधल्या मिस्सेआधी फादरना गाठच. म्हणावं, तो पहिल्या दिवसाचा उजेड चंद्राचा निघाला, आणि बायबलात सूर्य-चंद्र झाले चौथ्या दिवशी, म्हणजे उजेडही चौथ्या दिवसाचा. तीन दिवसांचीच चूक आहे, प्रवचनात सांभाळून घ्या.

आणखी ता. क. चंद्र वजा करून आज पुन्हा मोजलं. थोडा उजेड अजूनही उरतो, आणि त्याला धनी नाही. हे मात्र फादरना इतक्यात सांगू नकोस. सूर्यही वजा करायचा राहिलाय.