वाळूवरच्या शर्यतींची मार्गदर्शिका

ती. ऑर्लामामीस,
भाचा फिनियनचा टोपी काढून नमस्कार. गुडघा कसा आहे? कोंबड्या पुन्हा अंडी देऊ लागल्या का? इकडे सर्व क्षेम, म्हणजे मी सोडून.

मामांच्या मागे शर्यतींचं चिटणीसपद मला मिळालं, तेव्हा मीच कमिटीला म्हटलं, की इतकी वर्षं आपण किनाऱ्यावर घोडे पळवतो, पण पाहुण्यांच्या हाती द्यायला साधी मार्गदर्शिका नाही. ती मी लिहिली. (बारा पानं, मुखपृष्ठावर तुझीच तांबडी घोडी.) गाड्या कुठे लावायच्या, चहा आणि सोडा ब्रेड कुठल्या तंबूत, पैजा कुठे लावायच्या, सगळं आहे. आपलं मैदान ओहोटीला उघडं पडतं आणि भरतीला बुडतं, हेही ठळक अक्षरांत आहे. फक्त ओहोटीची वेळ चुकली. भरती-ओहोटीचं कोष्टक हिवाळ्याच्या घड्याळाप्रमाणे छापतात आणि उन्हाळ्यात आपली घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून त्यात एक तास मिळवायचा असतो, हे आपल्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मी नाही मिळवला.

पहिली शर्यत दोनला, असं वाचून दोन हजार माणसं आली, आणि दोन वाजता मैदानाच्या जागी समुद्र होता. कुणी ओरडलं नाही. सगळे शांतपणे उभे राहून माझी मार्गदर्शिका वाचत होते, तेच बघवेना. डब्लिनच्या एका बाईंनी मला विचारलं, "विजयाचा खांब कुठल्या लाटेत आहे हो?" शेवटी कमिटीचे अध्यक्ष फादर कोनल यांनी ध्वनिक्षेपकावर जपमाळ सुरू केली. तिसऱ्या जपमाळेला पाणी हटलं. (गावातल्या म्हाताऱ्या आता याला चमत्कार म्हणतात, आणि मी त्यांना अडवत नाही.)

येत्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर कमिटी बसणार आहे, चिटणीस बदलायचा का ते ठरवायला. मामी, मला हे पद सोडायचं नाही. मामांनी एकतीस वर्षं ज्या वाळूत खांब रोवले, तिथे यंदा, तासभर उशिरा का होईना, मी पहिला खांब रोवला तेव्हा मला रडू आलं.

तुझा,
फिनियन

ता. क. : आता खरं काम. मार्गदर्शिकेतल्या वेळा तू तपासून दिल्या होत्यास, असं मी कमिटीला सांगून बसलोय. तुला बोलायची कुणाची टाप नाही. फादरनी विचारलं, तर नुसतं हो म्हण.

ता. क. २ : छापण्याआधी तू फोनवर तीनदा "तास मिळव रे गाढवा" म्हणाली होतीस, ते विसरून जा.

ता. क. ३ : पोस्ट बंद झालंय. फादर कोनल तुझ्याच बाजूला निघालेत, तेव्हा पत्र त्यांच्याच हाती देतोय. पाकीट सापडलं नाही, पण ते दुसऱ्याचं पत्र वाचणारे नव्हेत. वाटेत फक्त चुका तपासतो म्हणाले.