फातमाच्या नावाचं गाऱ्हाणं

५ सप्टें. ८८, देवबाग
दोन दिवसांसाठी आलो होतो, आठवडा झाला. वासंतीमामीने गणपतीमागची भिंत रंगवायला बोलावलंय. मामा बोटीवर, घरात ती एकटी. कमळं काढू की मोर, विचारलं. तिने ट्रंकेतून उशीचा अभ्रा काढला. काळं कापड, लाल टाके, सगळी फुल्याफुल्यांची नक्षी.
“ह्या काढ भिंतीर.”
मामी कुवेतला इस्पितळात आया होती, तेव्हा फातमा तिच्या जोडीला. अभ्रा तिने शिवलेला, नक्षी तिच्या आईच्या गावची. फातमा पॅलेस्टाईनची. म्हणजे तिथली म्हणायची, जन्म निर्वासितांच्या छावणीतला. आई, भाऊ अजून छावणीत. रेडिओवर बातम्या लागल्या की मामी भाकरी तव्यावर टाकून उठते. आज एक करपली.

७ सप्टें.
दोरा निळीत बुडवून भिंतीवर चौकटी मारल्या. फुली काढायला सोपी वाटते. एक चुकली की पुढची सगळी रांग वाकडी.
मामी म्हणाली, कुवेतहून आलेला एकजण भेटला. फातमाच्या भावाला सैनिकांनी उचलून नेलंय. कुठे ठेवलंय माहीत नाही. एवढं बोलून मासे साफ करायला गेली.

९ सप्टें.
आंबोली. तिठ्यावर ट्रक उभा होता, बसलो. कारण काही नाही. धुकं एवढं की धबधबा नुसता ऐकला. भजी चांगली. ब्रश खिशातच राहिलेला.

११ सप्टें.
परत. “खंय गेल्लंस रे? चवथ तोंडार इली!”
दिवसभर फुल्या. मान अवघडली.

१४ सप्टें., चवथ
गणपती बसला. मामा नाही, म्हणून गाऱ्हाणं घालायला, देवाकडे घरादारासाठी मागायला, शेजारचे आबा आले. मामाचे चुलते. मामीने आधीच सांगून ठेवलं होतं, फातमाच्या भावासाठी पण घाला.
आबा म्हणाले, “देव आपल्या वाडीचो. त्याका खंय खंय धाडशीत?”
मग घातलं. मामाच्या बोटीसाठी, गायीसाठी, आबांच्या गुडघ्यासाठी. मग माझ्याकडे बोट करून, “ह्या झिलाच्या पायाक भोवरो आसा, तो थांबव रे महाराजा!” सगळ्यांनी हौसेने “व्हय महाराजा!” म्हटलं, मीसुद्धा. फातमाचं नाव आलं नाही. मामी प्रसाद वाटत राहिली. भिंतीकडे कुणीतरी बघून म्हणालं, कमळां बरी दिसली असती.

१५ सप्टें.
दुपारी बायका फुगडीला. म्होरकी शेवंती, खाडीपलीकडे ऐकू जाईल असा गळा. मामीने नवीन पाऊल दाखवलं. फातमाकडे लग्नात नाचतात तसं, हात धरून ओळ, टाच आपटायची.
शेवंती : “ही फुगडी काय कवायत गो?”
हसणं. मग मामीने स्वतः जुळवलेलं गाणं म्हटलं :
फातमाबाय, फातमाबाय, तुझो भाव खंय?
इले बंदूकवाले, चुलीर भाकर तशीच रव्हली, बाय.
हसणं थांबलं. दोघीजणी पदर खोचून निघाल्या, घोव रागावतले म्हणून. शेवंती थांबली. म्हणाली, “परत म्हण. चाल जरा खाली घे.” चौथ्यांदा म्हणेपर्यंत टाचांनी माजघराची सारवलेली जमीन उखडली.

१६ सप्टें.
आबा कुंपणापाशी. “गणपतीसमोर मारामारीची गाणी? पाचव्या दिसाक गाऱ्हाणा घालूक माका बोलव नको.”
म्हणजे विसर्जनाआधी गाऱ्हाणं नाही. मामा समुद्रात असताना. मामीचं तोंड पांढरं पडलेलं पाहिलं. पण म्हणाली,
“नको तर नको. मी घालतंय.”
“बायलमाणसान?”
“देव काय बहिरो आसा?”
मी होडीवर नाव रंगवायचं काम घेतलंय, तिकडे गेलो.

१७ सप्टें.
काल रात्री मामी जेवली नाही. आज आरती झाल्यावर, बायका जमलेल्या, ती देवासमोर उभी राहिली. मग सुरू झाली, आणि हुबेहूब आबांचीच लकब. तसंच ओढणं, तसंच थांबणं.
“बा देवा महाराजा… माझी जोडीण फातमा, तिच्या भावाक सैनिकांनी नेल्यानी हा, त्याका सुखरूप सोडव रे महाराजा…”
थांबली. एकही बाई तोंड उघडेना. शेवंती पायाकडे बघतेय. मीही गप्प. का, माहीत नाही.
तेवढ्यात शेजारच्या ओटीवरून, सुपारी कातरता कातरता, खणखणीत :
“व्हय महाराजा!”
आबा. आयुष्यभराची सवय. ती लकब ऐकली आणि तोंड आपोआप उघडलं.
अडकित्ता थांबलेला ऐकू आला.
शेवंती : “झाला! आबांचो शिक्को पडलो!”
मग हसू आवरेना कुणाला. पुढच्या प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी साथ दिली. फातमाच्या आईला छपरावर पत्रे मिळू देत, त्यालासुद्धा. आबा ओटीवरून आत गेले.

१८ सप्टें.
आज विसर्जन. सकाळीच आबा अंगणात, तोंड आंबट.
“अर्धवट गाऱ्हाणा घालतत काय गो? गावाचा नाव खंय आसा? देव जातलो खंय?”
मामीने नाव सांगितलं. फातमा रोज घ्यायची म्हणून पाठ. मला ते लिहिता येत नाही, घशातून काढावं लागतं. मग म्हणाली,
“पण तो गाव आता नाय, आबानू. घरा पाडल्यानी. तिच्या आवशीन ल्हान असताना बघलेलो तेवढोच.”
“गाव नाय म्हणजे?”
आबा दारातून आतल्या भिंतीवरच्या फुल्यांकडे बघत राहिले.
“परत सांग नाव.”
संध्याकाळचं गाऱ्हाणं घालीन असं म्हणाले नाहीत. घालणार नाही असंही नाही. मामीनेही विचारलं नाही.
मालवणची दुपारची गाडी होती माझी. गेली. होडीला रंगाचा दुसरा हात देतोय. आबा ओटीवर एकटेच ते नाव घोळवतायत. अर्ध्यावर अडकतात, खाकरतात, परत पहिल्यापासून.