जिवतीच्या शुक्रवारची सवाष्ण

१४ जुलै १९८५, जकार्ता

पोचलो बाई एकदाचे! डेट्रॉइटहून निघाल्यापासून किती विमानं बदलली ते आता आठवतही नाही. सामान सगळं आलं, फक्त श्रीरंगची ब्रीफकेस टोकियोत राहिली आणि घराचा पत्ता नेमका तिच्यात. मिशिगनमधलं ट्रॉयचं घर सोडल्यापासून मला बजावत होता, पद्मिनी, कागद माझ्याकडे दे, तू हरवशील. कंपनीचा माणूस विमानतळावर घ्यायला आला म्हणून निभावलं. मी नुसती हसत राहिले, तेच त्याला जास्त लागलं.

घर बघून जीव हरखला. ऐसपैस, बैठं, कौलारू. पुढे व्हरांडा, मागे मोठं अंगण, विहीर, फणसाचं झाड. न्हाणीघरात शॉवर नाही, पाण्याने भरलेला हौद आणि एक डबा. मला साताऱ्याचं माहेर आठवलं. मागच्या दोन खोल्यांना कुलूप आहे, त्यात घरमालकांचं सामान आहे म्हणे. नवऱ्याला इथे 'सुआमी' म्हणतात हे कळल्यापासून श्रीरंगची मान ताठ आहे. दोन वर्षं इथे ट्रकचा कारखाना उभा करायचा आणि परत ट्रॉय.

सुची तर खूश! सहा वर्षांचं वय, मिशिगनचा बर्फ सोडून काही बघितलेलं नाही. भिंतीवरची पाल बघून, "आई, कॅन वी कीप हर?" पालीचं नावही ठेवून झालं. आत्ता माझ्या कुशीत माझी कानाची पाळी धरून झोपली आहे. पाळी धरल्याशिवाय हिला झोप येत नाही, त्यामुळे मी एका हाताने, वाकडी होऊन लिहिते आहे. फार छान वाटतंय.

४ ऑगस्ट

बस्तान बसलं. यांती नावाची मुलगी सकाळी कामाला येते आणि स्वयंपाकघर आवरून जाते. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला, तरी आमचं भांडण व्यवस्थित होतं. ती माझी फोडणी बघून खिडक्या उघडते आणि मी तिची सुकी मासळी बघून.

दुपार मात्र सुनसान. श्रीरंग कारखान्यात, यांती घरी गेलेली, सगळी आळी झोपलेली. आज विहिरीपाशी एक बाई दिसली. माझ्यापेक्षा लहान असेल. केस मोकळे, दिवस अगदी भरत आलेले, एक हात कमरेवर. घरमालकांपैकीच कुणी असणार, मागच्या बाजूने येत असेल. मी हसले. ती हसली नाही, पण सुचीकडे इतक्या मायेने बघत राहिली की मला बरं वाटलं. परक्या गावात आपल्या पोरीकडे कुणी असं बघितलं की गाव आपलं वाटायला लागतं.

२३ ऑगस्ट, श्रावणी शुक्रवार

आज जिवतीची पूजा केली. ट्रॉयमध्ये कधी जमलं, कधी नाही. पण इथे दुपारभर रिकामी असते, तेव्हा म्हटलं करूच. सासूबाईंनी जिवतीचं चित्र पाठवलं होतंच. मुलांना उदंड आयुष्य मिळावं म्हणून आईने करायची ही पूजा, आणि मला एकच तर आहे. पासार बारूच्या बाजारात हरभऱ्याची डाळ मिळाली. पुरण घातलं. पुरणाच्या दिव्यांनी सुचीला ओवाळलं, तर तिने फुंकर मारून दिवे विझवले आणि टाळ्या वाजवल्या. हिला वाटलं बर्थडे! हसून हसून पुरे झालं.

जेवायला सवाष्ण हवी होती. आणू कुठून? सुलेखाकाकू म्हणून एक मराठी बाई इथे आहेत, दहा वर्षांपासून राहतात, पण त्या सुट्टीला नाशिकला गेल्या आहेत. यांतीचं लग्न झालेलं नाही. मग विहिरीपाशी ती उभी दिसली आणि मला वाटलं, देवीनेच पाठवली. हाताला धरून आत आणलं. हात गार होता, विहिरीच्या पाण्यात असेल. पानावर बसली; जेवली मात्र नाही, नुसती बघत राहिली. जेवण आपलं नाही, संकोच वाटला असेल.

मग ओटी भरली. तिने अंगावरचं कापड पसरलं, मी तांदूळ, नारळ, खण, केळी घातली. तिला कळणार नाही हे ठाऊक होतं, तरी सासूबाई म्हणतात तसंच म्हटलं: लेकरू मांडीवर खेळू दे. तिने पहिल्यांदा मान वर केली. ओटी भरली की त्यातले चार दाणे परत घेऊन आपल्या डब्यात टाकायचे असतात, म्हणजे घरचं सगळंच निघून जात नाही. पण नेमका श्रीरंगचा फोन आला, आणि परत येते तो ती गेलेली. राहिलं. पण दिवस फार चांगला गेला.

८ सप्टेंबर

दुपारी माझा डोळा लागला. उठले तर सुची व्हरांड्यात बसलेली, केसांना तेल, घट्ट वेणी, वेणीत मोगरा. कुणी घातली म्हटलं तर म्हणाली, "द लेडी." मला जरा हेवा वाटला, खरं सांगायचं तर. माझ्याकडून वेणी घालून घेताना ही घर डोक्यावर घेते.

यांतीला खुणेने विचारलं, ती बाई कोण? तिने मागच्या कुलपाकडे बघितलं आणि भांडी घासत राहिली.

२२ सप्टेंबर

सुची माझ्या हातचं खात नाही. वरणभात तिचा जीव की प्राण, तोही नाही. दुपारी अंगणातून येते ती पोट भरल्यासारखी. काय खाल्लंस म्हटलं की ओठ पुसते. श्रीरंग म्हणतो नवी जागा आहे, होईल ठीक. त्याच्या ताटातला घास मात्र खाते.

आणि रात्री झोपताना माझी पाळी धरत नाही. मी हात धरून कानाला लावला, तर अवघडून काढून घेतला. रागावली असती तर चाललं असतं. मला रडूच आलं.

६ ऑक्टोबर

सुलेखाकाकू नाशिकहून परतल्या, आज भेटायला आल्या. मोठ्या बडबड्या, आल्या आल्या माझ्या भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या. मी त्यांना बोलता बोलता शुक्रवारची सवाष्ण सांगितली. दिवस भरलेली, मोकळ्या केसांची, विहिरीपाशी येते ती.

काकूंनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, घरमालकांच्या सुनेला असेच दिवस भरत आलेले, दोन वर्षांपूर्वी गेली. मागच्या खोलीत. मूलही गेलं. तेव्हापासून कुलूप आहे, आणि घर परदेशी माणसांनाच देतात, कारण इथलं कुणी घेत नाही.

मग त्यांनी हळूच विचारलं, ओटीतले दाणे मागे घेतले होतेस ना गं?

७ ऑक्टोबर

श्रीरंग हसला. मग चिडला. मिशिगनमध्ये बारा वर्षं राहिलेली बाई तू, म्हणाला.

दुपारी मी विहिरीपाशी गेले. ती होती. मी पदर पसरला. म्हटलं, बाई, चुकले, मला काही नको, फक्त चार दाणे परत दे. आपली भाषा तिला कळते की नाही, देव जाणे. तिने ओटी पोटाशी घट्ट धरली होती.

पोट सपाट होतं.

माझ्या मागे सुची येऊन उभी होती. ती माझ्याजवळ आली नाही. तिच्याजवळ गेली.

१९ ऑक्टोबर

आज सकाळी दुधाचा पेला दिला. सुचीने दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाली, "थँक यू, काकू."

ट्रॉयमध्ये आम्हीच शिकवलं होतं. कुणाकडे गेलं की काकू म्हणायचं, थँक यू म्हणायचं. शहाणी आहे माझी मुलगी. सगळ्या बायकांना म्हणते तसं मलाही म्हणाली.

मी म्हटलं, मी आई आहे गं. ती माझी समजूत घालावी तशी हसली.

श्रीरंगला बाबा म्हणते. त्याच्या गळ्यात पडते. म्हणून त्याला वाटतं मी वेडी झाले आहे.

३ नोव्हेंबर

आज त्याच्यासमोर मला काकू म्हणाली. तो थट्टा समजून ओरडला. ती घाबरून रडली, तरी तेच. मग त्याचा चेहरा उतरला. तिकिटं काढतो म्हणाला. मी आणि सुची पुढे, तो महिन्याभराने. विमानाने समुद्र ओलांडला की सुटेल. सुटेलच. सुटायलाच हवं.

१७ नोव्हेंबर, ट्रॉय

आपलं घर. आपला स्वयंपाक. शेजारच्या सरलाने घर गरम करून, कढी-खिचडी करून ठेवली होती. सुची तिच्या खोलीत जाऊन खेळणी ओळखत बसली. प्रत्येकाचं नाव सांगितलं. अस्वलाचंसुद्धा.

मग मी विचारलं, आणि मी कोण?

तिने सरलाकडे बघितलं. तिला मदत हवी होती.

१ डिसेंबर

पोरगी वाळत चालली आहे. पाण्यावर आहे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही नाही म्हणतात. घर बदललं की मुलांच्या मनावर परिणाम होतो असा. विचारलं, आईला सोडून राहते आहे का ती?

मी म्हटलं, हो.

९ डिसेंबर

बर्फ. भर दुपार, सगळीकडे लख्ख पांढरं. सुची सारखी मागच्या काचेच्या दाराशी जाऊन बसते. तोंडाची वाफ काचेवर. मी बाहेर बघितलं—

अनवाणी उभी आहे. मोकळे केस. ओटी धरून.

पडदे ओढले. सुची ओरडत राहिली.

१० डिसेंबर

श्रीरंगला फोन केला. लाइनवर नुसती खरखर. म्हणाला, निघतो, निघतो.

ती आत येत नाही. बोलावल्याशिवाय येत नाही. तिथेही मीच हाताला धरून आणली होती.

कडी लावली आहे. कडीवर हात ठेवून बसले आहे.

१२ डिसेंबर

ताप. ओठ कोरडे. डॉक्टर म्हणाले उद्या सकाळी ॲडमिट करा, सलाइन लावू. सलाइनने काय— तिला भूक आईची आहे.

मी चमच्याने पाणी पाजते तर तोंड फिरवते. मला घाबरते. माझी सुची मला घाबरते. मी नऊ महिने— नको. मोजून काय.

१२ डिसेंबर, दुपार

आत्ता "आई" म्हणाली! इतक्या दिवसांनी! मी हातातलं टाकून धावले, दोन्ही हात पसरले—

माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. काचेकडे.

नंतर

रडायचंही त्राण नाही तिला. नुसते हुंदके देते. मी कितीही धरलं तरी माझ्या हातात ती मरेल. तिच्या हातात—

वरणभात केला. तूप घातलं. ताट दाराशी ठेवलं.

जिवतीला मी काय मागितलं होतं? हिचं आयुष्य. माझ्याजवळ राहू दे असं मागितलं नव्हतं. सुचलंच नव्हतं, मागावं लागेल असं.

कडी काढते.

जिन्यात बसले आहे. त्या दाराशी परत गेले नाही. बर्फाचं गार वारं घरभर. पायऱ्यांपर्यंत आलं.

ताटाचा आवाज येतोय. जेवते आहे. माझी सुची जेवते आहे. एक घास, मग आणखी एक— हसली. किती दिवसांनी. हसू तेच आहे, काही बदललेलं नाही.

पाणी मागितलं. मिळालं असावं.

आता सुची विचारते आहे, जिन्यात कोण बसलंय. ती बाई काय सांगते ते मी कान देऊन—