उत्तरेच्या खोलीतला राखाडी

अण्णा, आईच्या खोलीतला राखाडी रंग आज बदलायला काढलाय. ती जाऊन महिना झाला. रंगारी आत भिंत घासतोय आणि मी बाल्कनीत बसून तुम्हाला लिहितेय.

तुम्ही नाशिक रोडच्या सगळ्या कॉलन्या रंगवल्यात, पण आपलं घर तसंच राहिलं. स्वयंपाकघराची भिंत म्हणजे तुमची पाटी. एकदा तिथे तुम्ही शेजारीशेजारी दोन पट्टे ओढलेत. मी शाळेतून आलेली, म्हणाले, दोन्ही पांढरेच आहेत. तुम्ही भडकलात. "डोळे हायेत का बटनं? एकात चिमूटभर पिवळा हाय, एकात निळा. दिवस कलू दे, मग सांग." दिवस कलला आणि एक पट्टा सायीसारखा दिसायला लागला, दुसऱ्याकडे बघवेना. "म्हनून उत्तरेच्या खोलीला गार रंग द्यायचा नाय," तुम्ही म्हणालात. "आजारी मानूस असंल तर मुळीच नाय. अन् आधी पट्टा ओढून दिवसभर बघायचा." आई पोळ्या लाटतालाटता म्हणाली, "तोवर माझी भिंत नासली ना!"

तुम्ही गेल्यावर ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला माझ्या फ्लॅटवर आणलं. खोली उत्तरेची. ती म्हणाली, "ह्यांचा तो बदामी दे गं." मी म्हणाले, "बदामी आता कोणी लावत नाही, आई." शेजाऱ्यांकडे राखाडी होता, म्हणून मीही दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंगांच्या कार्डावर बोट ठेवून आले. पट्टा ओढला नाही. रंगाऱ्याची मुलगी मी! भिंत वाळली आणि निळी पडली. शेवटचे चार महिने आईने दाराकडे तोंड करून काढले. "गार वाटतं," म्हणायची. मी आणखी एक गोधडी टाकायचे. पुन्हा रंगवलं तर वासाने तिचा खोकला वाढेल असं सगळ्यांना सांगायचे, पण खरं तर चुकलं म्हणायचं नव्हतं. लाज वाटते, अण्णा.

सकाळी रंगाऱ्याने बदामीचा पट्टा ओढून विचारलं, "ताई, चालेल?" मी त्याला रंग लावायला संध्याकाळपर्यंत थांबवलंय. आता ऊन उतरलंय आणि पट्टा तसाच दिसतोय, सायीसारखा. समोर पलंग नाही.

हा कागद कुठे पाठवणार? घडी घालून कपाटात ठेवीन. एक सांगायचं राहिलं. दहाव्याला मावशीने त्या खोलीत डोकावून विचारलं, "एवढा गार रंग कोणी निवडला गं?" मी म्हणाले, "आईनेच पसंत केला होता."